वार लावलेली देणगी : दरमहा शंभर रुपयांची योजना कशी उभारायची आणि टिकवायची

पुण्यात शिकायला येणारी गरीब मुलं पूर्वी वार लावून जेवायची. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, अशी सात घरं मिळाली की आठवडा भरला. कुठल्याच घराला ते जड जात नसे. एखादं बिऱ्हाड गावाला गेलं तर मुलाचा एकच वार बुडायचा, बाकीचे सहा शाबूत. छोट्या देणगीचं मर्म या जुन्या व्यवस्थेत आहे. रक्कम लहान असते, पण ती कधी येणार हे आधी ठाऊक असतं.

सार्वजनिक कामातही हे करून झालेलं आहे. अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड माणशी एक पैसा या हिशेबावर उभा राहिला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला त्यातून काच कारखाना निघाला. भाऊराव पाटलांनी १९१९ साली सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड म्हणजे घरटी मूठभर धान्य. दोन्हींत देणाऱ्याला काही कठीण नव्हतं. कष्ट होते ते गोळा करणाऱ्याला, कारण पैसा मागायलाही दारापर्यंत चालत जावं लागतं. आज मोबाइलमुळे ती पायपीट वाचली आहे, मात्र तिच्या जागी नोंदी, पावत्या आणि तुटलेले हप्ते आले आहेत. छोट्या देणग्यांच्या योजना बहुतेक वेळा दात्यांअभावी बंद पडत नाहीत, या टेबलावरच्या कामाखाली दबून बंद पडतात. म्हणून या लेखात आवाहनापेक्षा टेबलावरच्या कामाबद्दल जास्त लिहिलं आहे.

शंभर रुपये कशासाठी हवेत

मोठी देणगी बहुधा नाव घेऊन येते. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी ठरलेल्या प्रकल्पाला बांधलेला असतो, तर एखाद्या कुटुंबाला खोली बांधून द्यायची असते आणि दारावर आजोबांच्या नावाची संगमरवरी पाटी हवी असते. त्यात गैर काही नाही. पण खोली बांधून झाल्यावर तिचं वीजबिल, गळकी टाकी, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार आणि हिशेब लिहिणाऱ्याचं मानधन द्यायला कुणी पुढे येत नाही. हा खर्च दर महिन्याला असतो, म्हणून तो भागवणारा पैसाही दर महिन्याला यायला हवा आणि तो मोकळा हवा. दरमहा शंभर देणारे एकशेवीस जण मिळून वर्षाला १,४४,००० रुपये देतात. एका दात्याने एकरकमी दिलेले १,४४,००० कागदावर तेवढेच दिसतात, पण तो दाता पुढच्या वर्षी नाही म्हणाला तर सगळेच जातात.

आधी खर्च मोजा, मग आकडा मागा

‘फूल ना फुलाची पाकळी’ हे आवाहनातलं सर्वांत निरुपयोगी वाक्य आहे. वाचणारा मान डोलावतो आणि पुढे जातो, कारण त्याला किती द्यायचे ते कळलेलंच नसतं. आकडा तुम्ही सांगायचा, आणि तो खर्चातून निघालेला असला पाहिजे.

समजा, तालुक्याच्या गावात चाळीस मुलींचं वसतिगृह आहे. एका मुलीचा चहा-नाश्ता आणि दोन वेळचं जेवण मिळून दिवसाला ६० रुपये पडतात. म्हणजे वसतिगृहाचा एक दिवस २,४०० रुपयांना जातो. दरमहा शंभर देणारे चोवीस जण मिळाले की महिन्यातली एक तारीख उचलली गेली. पूर्ण महिना उचलायला ७२० जण लागतील. ते पहिल्या वर्षी होणार नाही आणि जाहीरही करू नका. पाच तारखा, म्हणजे १२० दाते, एवढ्यावर सुरुवात करा. प्रत्येक तारखेला एक तारीखप्रमुख नेमा : निवृत्त शिक्षक, बँकेतला कारकून, सोसायटीतली उत्साही काकू, कुणीही चालेल. त्याच्याकडे चोवीस नावं. एका माणसाला चोवीस जण नावानिशी सांभाळता येतात, शंभर नाही.

महाराष्ट्रातल्या अनेक वसतिगृहांत आणि अन्नछत्रांत तिथीची देणगी जुनी आहे. एकदा ठरावीक रक्कम द्या, ती ठेवीत राहील आणि दरवर्षी तुमच्या आई-वडिलांच्या तिथीला व्याजातून जेवण होईल. ही योजना आज संस्थांच्या गळ्यात अडकली आहे. पाच हजारांच्या ठेवीवर दहा टक्के दराने वर्षाला पाचशे मिळायचे, सहा टक्क्यांनी तीनशे मिळतात आणि जेवणाचा खर्च २,४०० झालेला असतो. पाटी मात्र भिंतीवर कायमची. जुन्या तिथी पाळाव्या लागतीलच, पण नव्याने ‘कायमची तिथी’ विकू नका. स्मृतिदिन किंवा वाढदिवस यांची ओढ खरी आहे आणि ती वापरता येते. ज्याची आठवण १२ तारखेशी जोडलेली आहे त्याला १२ तारखेच्या गटात घ्या आणि देणगी दरमहाच ठेवा.

शब्दांची एक खबरदारी घ्या. ‘फक्त जेवणासाठी’ असं लिहून पैसे घेतले की ते जेवणावरच खर्च करावे लागतात. मग वीजबिल पुन्हा उघड्यावर पडतं. आवाहनात जेवणाचा हिशेब उदाहरण म्हणून द्या, पण आवाहनावर आणि पावतीवर हेतू स्पष्टपणे ‘वसतिगृहाच्या चालू खर्चासाठी’ असा छापा.

गळती गृहीत धरा

दरमहा देणाऱ्यांतले काही जण दर महिन्याला गळतात. बँक बदलते, मोबाइल बदलतो, नोकरी जाते, कंटाळा येतो. महिन्याला तीन टक्के गळती धरली तर १२० पैकी वर्षअखेरीस सुमारे ८३ उरतात आणि १,४४,००० च्या जागी साधारण १,२२,००० हातात पडतात. संख्या तशीच राखायला दरमहा चार नवे दाते लागतात. आकडा बघायला छोटा वाटतो, पण चार नवे दाते दर महिन्याला, न चुकता, पावसाळ्यात आणि परीक्षेच्या दिवसांतही मिळवायचे असतात. मोठा मेळावा घेऊन एका दिवसात शंभर नावं लिहून घेणं आणि मग वर्षभर काहीच न करणं, ही नेहमीची चूक आहे. अंदाजपत्रकात गळतीनंतरचा आकडा धरा.

दुसरा हिशेब हाताळणीचा. एका नव्या देणगीची नोंद, बँकेशी ताळा, पावती आणि आभाराचा निरोप यात साधारण दहा मिनिटं जातात. तासाला १२० रुपये मानधन धरलं तर वीस रुपये झाले. पन्नास रुपयांच्या एकवेळच्या देणगीतून तीसच उरले. तोच दाता दरमहा देऊ लागला तर पुढच्या महिन्यांत त्याच्यावर एखादंच मिनिट जातं. म्हणून छोटी देणगी परवडते ती पुन्हा पुन्हा येते तेव्हा. दहा रुपये देणाऱ्याला नाही म्हणू नका. त्याला दुकानात ठेवलेला देणगीचा डबा दाखवा, किंवा वर्षाचे १२० एकदम देता का विचारा.

परवानगी आणि नोंदणी

महाराष्ट्रात धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल तर नोंदणी क्रमांक प्रत्येक पावतीवर आणि आवाहनावर छापा. नोंदणी नसलेल्या गटाला कलम ४१-सी खाली परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळं दरवर्षी वर्गणीसाठी घेतात तीच ही परवानगी. पूरग्रस्तांसाठी मित्रांनी मिळून पैसे जमवताना हे कुणाच्या ध्यानात येत नाही. त्यापेक्षा एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या नावाने आणि तिच्या पावतीवर गोळा करणं सोपं.

प्राप्तिकरातली १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला सवलत) आणि ८०जी (दात्याला सवलत) ही प्रमाणपत्रं आता कायमची नसतात, त्यांना मुदत असते. मुदत संपल्यावर ८०जीची ओळ छापलेल्या पावत्या वाटत राहणं ही दात्याची फसवणूक ठरते, भले नकळत का असेना. मुदतीची तारीख कार्यालयाच्या भिंतीवर लावा. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाल्याने कलमांचे आणि अर्जांचे क्रमांक बदलले आहेत. इथे लोकांच्या तोंडी असलेली जुनी नावं वापरली आहेत. अर्ज भरताना नवा क्रमांक सीएकडून पक्का करून घ्या.

छोट्या दात्याला करसवलतीचं आमिष दाखवू नका. वर्षाला १,२०० रुपये देणाऱ्याला साधारण संस्थेच्या बाबतीत त्याच्या निम्म्या रकमेची, म्हणजे ६०० रुपयांची वजावट मिळते. वीस टक्क्यांच्या टप्प्यात त्याचे सव्वाशेच्या आसपास वाचतात. नवी करप्रणाली निवडली असेल तर काहीच वाचत नाही. एवढ्यासाठी अर्जात पॅन सक्तीचा केला तर बरेच लोक अर्ज अर्धवट सोडून जातात. अर्जात लिहा : ‘करसवलतीचं प्रमाणपत्र हवं असल्यासच पॅन भरा.’ नाव आणि पत्ता मात्र प्रत्येकाचा घ्या. का ते डब्याच्या भागात येईल.

पैसे येण्याचे रस्ते

*क्यूआर.* क्यूआर संस्थेच्या बँक खात्याचाच हवा. ‘तात्पुरता’ म्हणून खजिनदाराचा वैयक्तिक क्यूआर फिरवणं ही सर्वांत महाग चूक आहे. पैसा त्याच्या खात्यात जमा होतो, त्याच्या उत्पन्नात दिसतो आणि लेखापरीक्षणात दोघांनाही उत्तर देता येत नाही. तो क्यूआर व्हॉट्सॲपवर एकदा गेला की परत बोलावता येत नाही, वर्षानुवर्षं फिरत राहतो. छापील क्यूआरखाली संस्थेचं बँकेतलं नाव लिहा आणि शेजारी ‘पैसे पाठवण्याआधी हेच नाव दिसतंय ना पाहा’ अशी ओळ टाका. कार्यक्रमात क्यूआरवर दुसराच स्टिकर चिकटवून पैसे वळवण्याचे प्रकार होतात. सकाळी आणि दुपारी एकदा स्वतः स्कॅन करून बघा.

क्यूआरने पैसे येतात पण माणूस येत नाही. बँकेच्या उताऱ्यात पाठवणाऱ्याचं नाव, यूपीआय पत्ता आणि बारा आकडी संदर्भ क्रमांक एवढंच दिसतं. पत्ता नाही, फोनही बहुतेक वेळा नाही. म्हणून क्यूआरसोबत छोटा अर्ज द्यायचा : नाव, पत्ता, फोन, संदर्भ क्रमांक. देणगी कशासाठी आहे हे ओळखायला काही संस्था रकमेचे वेगवेगळे शेवटचे आकडे ठरवतात : ग्रंथालयाला १०३, धान्याला १०७. युक्ती चांगली आहे, फक्त १०१ कशालाही नेमू नका. आपल्याकडे शंभर देणारा माणूस सवयीने शकुनाचा रुपया वर ठेवतो, त्यामुळे १०१, ५१ आणि ५०१ या रकमा कुठूनही आणि कशासाठीही येतात.

*यूपीआय ऑटोपे.* दरमहाच्या योजनेचा हाच कणा. दाता एकदा पिन टाकून संमती देतो आणि पुढे ठरलेल्या तारखेला रक्कम आपोआप जाते. १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला सहसा पुन्हा पिन लागत नाही. शंभरचा प्रश्नच नाही. पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणारी मधली कंपनी, हिच्यामार्फत हे उभं करावं लागतं. नुसत्या यूपीआय व्यवहारावर व्यापारी शुल्क नाही, पण गेटवे आपलं सेवाशुल्क आणि त्यावर जीएसटी घेतो, त्यामुळे करार करताना ‘प्रत्येक हप्त्यामागे किमान शुल्क’ आहे का ते वाचा. शंभराच्या हप्त्यावर टक्केवारी चालते, किमान पाच रुपयांची अट चालत नाही.

बसवताना चार गोष्टी तपासा. पहिली, दात्याच्या मोबाइलवर कोणतं नाव दिसतं. हप्ता कापण्याच्या किमान चोवीस तास आधी दात्याला सूचना जाते. तिथे संस्थेऐवजी गेटवेचं किंवा कुठलं तरी अर्धवट इंग्रजी नाव दिसलं तर माणूस घाबरून संमती रद्द करतो, आणि अशी गळती कुणाला कळतही नाही. स्वतःच्या फोनवर एक रुपयाची संमती देऊन सूचना कशी येते ते बघा. दुसरी, रक्कम ‘ठरावीक’ ठेवा, ‘जास्तीत जास्त अमुक’ अशी नको. शंभरच्या संमतीत ५,००० ची मर्यादा दिसली तर कोण सही करेल? तिसरी, संमतीची शेवटची तारीख. बारा महिन्यांची ठेवली असेल तर तेराव्या महिन्यात निम्मी योजना एकदम संपते. चौथी, कापण्याची तारीख. दात्याची ‘आपली’ तारीख २७ असली तरी पैसे महिन्याच्या ३ ते ७ च्या दरम्यान कापा. महिनाअखेरीस खात्यात शंभर रुपये नसणं ही शरमेची गोष्ट नाही, पण हप्ता तुटतो.

*नॅच.* बँक खात्यातून थेट वळती होणारा हा जुना मार्ग मोठ्या रकमांना चांगला आहे. शंभरासाठी टाळा. खात्यात शिल्लक नसली तर हप्ता परत जातो आणि दात्याची बँक त्याच्याकडून दंड कापते. तो दंड बहुधा देणगीपेक्षा मोठा असतो. शंभर रुपये द्यायला निघालेल्या माणसाला असा भुर्दंड पडला की तो पुन्हा येत नाही, आणि त्याच्या जागी कुणीही असतं तरी आलं नसतं.

रोख, पावतीपुस्तक आणि डबा

गावात रोख येणारच. पावतीपुस्तकावर छापील क्रमांक हवेत. पुस्तक देताना वहीत लिहा : पुस्तक क्रमांक, पावती कितीपासून कितीपर्यंत, कुणाला दिलं, तारीख, सही. परत घेताना तशीच सही. रद्द पावतीच्या दोन्ही प्रती पुस्तकातच राहू द्या, वर आडवी रेघ मारून. फाडून फेकलेली पावती म्हणजे लेखापरीक्षकाच्या दृष्टीने चोरीच. पुस्तक हरवलं तर त्याच आठवड्यात पोलिसांत नोंद करा, विश्वस्तांच्या बैठकीत ठराव घ्या आणि ते क्रमांक बाद झाल्याचं दात्यांना कळवा.

जो रोख गोळा करतो त्यानेच नोंद करायची आणि त्यानेच बँकेत भरायचं, असं ठेवू नका. माणूस प्रामाणिक असला तरी नको, कारण चूक झाली तर ती त्याच्याच अंगावर येते आणि त्याला निर्दोष ठरवणारा कुणी उरत नाही. रोख आली तशी पूर्ण बँकेत भरा. त्यातूनच भाजी आणली की हिशेब जुळत नाही. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ८०जीची सवलत मिळत नाही, हे रोख देणाऱ्याला घेतानाच सांगा.

डब्यांना क्रमांक द्या आणि कुठला डबा कोणत्या दुकानात आहे त्याची यादी ठेवा. दोन कुलपं, दोन किल्ल्या, दोन वेगळी माणसं. उघडताना तिघे हजर हवेत आणि मोजणीचा कागद तिथेच लिहून तिघांच्या सह्या घ्या : डबा क्रमांक, नोटा किती, नाणी किती, एकूण. दुकानदारालाही सही करू द्या, पुढच्या महिन्यात तो स्वतःहून डब्याकडे लक्ष देतो. एक आणि दोन रुपयांची नाणी शंभर-शंभराच्या पुड्या बांधून न्या, काउंटरवरचा निम्मा वाद वाचतो. दर दोन महिन्यांनी मोजा. सहा महिने न उघडलेला डबा ‘कुणी विचारत नाही’ असं सांगत उभा असतो आणि मग तो खरोखरच नाहीसा होतो.

आता नाव-पत्त्याचं कारण. ज्या देणगीच्या दात्याचं नाव आणि पत्ता संस्थेकडे नाही ती निनावी. निव्वळ धार्मिक संस्था सोडल्या तर अशा देणग्यांची एकूण रक्कम एका मर्यादेवर गेली की वरच्या भागावर तीस टक्के कर लागतो. मर्यादा म्हणजे एकूण देणग्यांचे पाच टक्के किंवा एक लाख, यांतलं जे जास्त असेल ते. एकूण देणग्या तीस लाख असतील तर मर्यादा दीड लाखाची. डब्यांतून आणि अनोळखी क्यूआरमधून दोन लाख आले तर पन्नास हजारांवर पंधरा हजार कर. लहान संस्थेचे डबे बहुधा लाखाच्या आतच राहतात, पण अर्ज न भरता आलेले क्यूआरचे शेकडो शंभर-शंभर त्यातच मोजले जाऊ शकतात, हे लक्षात येत नाही.

परदेशातले आप्त

दुबईतला किंवा न्यू जर्सीतला भाऊ शंभर रुपये पाठवतो म्हणाला तर आधी पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकिंग मार्गाने दिलेली देणगी विदेशी मानली जात नाही. पासपोर्ट अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा झाला, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी, ती विदेशी देणगी ठरते. मग ती रुपयांत असो, भारतातल्या खात्यातून आलेली असो, की दिवाळीला गावी आल्यावर हातात ठेवलेली नोट असो. अशी देणगी घ्यायला एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि ती फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरवून दिलेल्या खात्यातच घेता येते. कायद्यात शंभराला सूट नाही. अर्जात ‘मी भारतीय नागरिक आहे’ अशी खूण करायची जागा ठेवा. नोंदणी नसेल तर आप्ताला नम्रपणे नाही म्हणा आणि त्याच्या भारतातल्या भारतीय नागरिक मित्रांना जोडून द्यायला सांगा. त्यांनी स्वतःचे पैसे द्यायचे, त्याचे नव्हे.

मागायचं कसं

निरोप छोटा ठेवा. मसुदा असा चालेल :

‘आमच्या वसतिगृहात ४० मुली राहतात. त्यांच्या एका दिवसाच्या जेवणाला २,४०० रुपये लागतात. चोवीस जण मिळून आम्ही महिन्यातली १२ तारीख सांभाळतो. एकवीस झाले, तीन जागा आहेत. दरमहा १०० रुपये, वसतिगृहाच्या चालू खर्चासाठी. कधीही बंद करता येईल. एक जागा घेणार का?’

शेवटून दुसरं वाक्य काढू नका. बंद करायची मोकळीक दिसली की सुरू करायला माणूस धजतो. पर्याय तीनच द्या : ५०, १००, २५०, आणि खाली ‘इतर’. यादीच्या टोकाला १०,००० लिहिलं की शंभर देणाऱ्याला आपण उगाच आलो असं वाटतं. एकवीस झाले असं लिहायचं तर एकवीसच असले पाहिजेत. तारीखप्रमुखाला विचारणारा भेटतोच. एखादा मोठा दाता ‘शंभर लोक जमले की मी तेवढेच घालतो’ म्हणत असेल तर त्याच्याकडून लेखी घ्या, आणि शंभर जमले नाहीत तर काय, हेही आधी ठरवा.

शाळेत मुलांकडून मातीचे गल्ले भरून घेतले जातात. त्यात कोणत्या मुलाने किती आणले हे वर्गात वाचू नका. वर्गाचं एकच भांडं ठेवा.

वेळेचं म्हणाल तर वसतिगृहासाठी जून सोन्यासारखा, कारण तेव्हा घरोघरी वह्या-पुस्तकांचा खर्च चालू असतो आणि गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. २ ते ८ ऑक्टोबरचा दानउत्सवही सोयीचा. मार्चमध्ये सगळेच मागतात.

नोंद आणि निरोप

एक तक्ता पुरतो. रकाने : दाता क्रमांक, नाव, पत्ता, फोन, पॅन (असल्यास), तारीखगट, रक्कम, मार्ग, संदर्भ क्रमांक, पावती क्रमांक, संमती संपण्याची तारीख, शेवटचा हप्ता कधी आला. शेवटचा रकाना सर्वांत कामाचा. दर महिन्याच्या १० तारखेला तो चाळला की कुणाचा हप्ता तुटला ते दिसतं. पॅन असलेली यादी व्हॉट्सॲप गटात टाकू नका, तारीखप्रमुखालाही फक्त नाव आणि फोन द्या.

आर्थिक वर्ष संपलं की दात्यांचं विवरण, म्हणजे १०बीडी, ३१ मेपर्यंत भरायचं आणि त्यातून निघणारं १०बीई प्रमाणपत्र दात्याला द्यायचं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क लागतं, म्हणजे तुमचे दोन दाते रोज त्यातच गेले. मे महिन्यात पॅन गोळा करायला बसलात तर चुकलंच. फेब्रुवारीत एकदा ‘प्रमाणपत्र हवं असेल तर पॅन कळवा’ असा निरोप पाठवा. पॅनमधलं एक अक्षर चुकलं तरी प्रमाणपत्र दात्याच्या कामाचं राहत नाही, म्हणून मिळालेला पॅन दात्यालाच परत वाचून दाखवा.

पहिल्या हप्त्यानंतर दोन दिवसांत माणसाने लिहिलेला एक निरोप गेला पाहिजे, नाव घेऊन. पुढे तीन महिन्यांतून एकदा पुरे : किती जमले, कशावर गेले, काय अडलं. ‘गॅसच्या दोन टाक्या, मावशींचा पगार, बोअरची मोटर दुरुस्त झाली नाही’ एवढं लिहिलं तरी लोक वाचतात. अडलेलं लपवलं की निरोप जाहिरातीसारखा वाटू लागतो. मुलींचे चेहरे दाखवू नका. भाकऱ्यांची चळत, भाजीचं पातेलं किंवा वाचनाच्या खोलीतली रिकामी चटई पाठवा. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर जतन केला आहे त्यालाच निरोप पोचतो. म्हणून पहिल्याच निरोपात ‘हा नंबर अमुक नावाने जतन करा’ असं सांगा, नाहीतर वर्षभर हवेत लिहीत राहाल. सगळ्यांचा एकच गट करू नका. तिथे सुप्रभातची फुलं सुरू होतात आणि दाते गट सोडून जातात.

हप्ता तुटला तर पहिल्या महिन्यात काही करू नका, पुष्कळदा तो पुढच्या महिन्यात आपोआप येतो. दुसऱ्यांदा तुटला तर तारीखप्रमुखाने फोन करायचा, आणि फोनमध्ये पैशाचा विषय शेवटी : ‘संमती मोडलेली दिसते, मुद्दाम बंद केली असेल तर तसं सांगा, मी यादीत बदल करतो.’ कार्ड बदललं, फोन बदलला असं कारण निघालं तर नवी लिंक त्याच दिवशी पाठवा. मुद्दाम बंद केली म्हणाला तर आभार माना, कारण विचारू नका, आणि तीन महिन्यांचा निरोप चालू ठेवायचा का एवढंच विचारून ठेवा. हो म्हणाला तर त्याचं नाव तक्त्यातून पुसू नका, फक्त रकमेच्या रकान्यात शून्य लिहा.